परड्यातील झाडांची ओळख

भाद्रपद जवळ आला की सिंधुदुर्ग जिल्ह्यातील घराघरांत माटवी बांधण्याची लगबग सुरू होते. माटवी म्हणजे गणपतीच्या मस्तकावर छताला टांगलेली लाकडी चौकट. तिला आंब्याचे टाळे, असोला नारळ, बेड्यांचे घोस, तवसे, तांबडीलाल कवंडळे, कांगल्यांचे झुबके, शेरवडाची पांढरी पाने, हरणाची पिवळी फुले आणि तेरडा बांधतात. चतुर्थीच्या आधी घरातील मुले वडीलधाऱ्यांबरोबर डोंगराच्या उतारावर जात आणि पावसात भिजत हे सारे गोळा करून आणीत. आणता आणता कोणते झाड कोठे उगवते, कोणत्याला हात लावावा आणि कोणत्याला लावू नये, हे त्यांना कोणी मुद्दाम न शिकवताही कळत असे. कळलावीची ज्वाळेसारखी फुले माटवीला फार शोभतात. पण तिचा कंद विषारी आहे, तो उकरून घरी आणावयाचा नाही, हेही त्याच वाटेवर सांगितले जाई.

अलीकडे माटवीचे सामान मालवण, कुडाळ, सावंतवाडीच्या बाजारांत जुड्या बांधून विकत मिळते. त्यात वाईट काही नाही. विकणाऱ्या बायाबापड्यांना सणासुदीला चार पैसे मिळतात. मात्र जुडी विकत घेणाऱ्या घरातील मुलाला तिच्यातील चार वनस्पतींची नावे विचारली, तर ‘रानटी फुले’ यापलीकडे उत्तर बहुधा येत नाही. झाड घरात आले. त्याची ओळख बाजारातच राहिली. देवावरच्या चौकटीचे जे झाले, तेच घरामागच्या परड्याचेही झाले आहे, आणि परड्याची गोष्ट अधिक काळजीची आहे. माटवी वर्षातून एकदाच लागते. परडे रोज लागते.

मालवणच्या किनाऱ्यावरील जुन्या घराची मांडणी पाहिली म्हणजे परड्यामागील शहाणपण ध्यानी येते. पुढे सारवलेले खळे आणि त्यात तुळशीवृंदावन. मागे न्हाणी, विहीर आणि त्यांच्या आधाराने वाढलेले परडे. या भागात पाऊस उदंड, वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर; परंतु तो जवळजवळ सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. किनाऱ्याला वाळूमिश्रित जमीन, वर सड्यावर जांभा दगड. दोन्हींतून पाणी पाहता पाहता निघून जाते. श्रावणात हिरवेगार दिसणारे परडे फाल्गुन-चैत्रात कोरडे ठक्क पडावयाचे. अशा ठिकाणी कोवळी झाडे जगवावयाची तर पाण्याचा प्रत्येक तांब्या दोनदा कामास आला पाहिजे. म्हणून न्हाणीचे पाणी पाटाने माडाच्या आळ्यात सोडलेले असे, आणि त्या पाटाच्या काठांवर केळ, अळू, हळद, गवती चहा अशी ओलावा मागणारी मंडळी बसवलेली असत. गवती चहाचा ठोंब पाटाची माती धरून ठेवी. हळदीला माडाची विरळ सावली मानवे. मृगाच्या पावसात लावलेली हळद श्रावणात हातभर पानांवर येते. नागपंचमीच्या पातोळ्या याच पानांत वाफवतात. पुढे पाने वाळली म्हणजे जमिनीतून कंद काढून घेतात. एकाच झाडापासून सणाच्या पक्वान्नाचा वास, रोजच्या कालवणाचा रंग आणि कापल्या-खरचटल्यावर लावावयाची पूड, असे तीन लाभ एकाच वर्षात पदरात पडत.

प्रत्येक झाडाची जागा अशीच विचाराने ठरलेली असे. पानओवा मागील दाराच्या पायरीशी, कारण रात्री कोणाचे पोट दुखू लागले तर कंदील घेऊन लांब जावयास नको. दोन पाने तोडून मिठाबरोबर चावावयास दिली की झाले. अडुळसा वईवर, कारण गुरे-शेळ्या त्याला तोंड लावीत नाहीत. कुंपणाचे कुंपण आणि खोकल्यासाठी पाने हाताशी. ब्राह्मी विहिरीच्या ओलसर काठाशी पसरे. कोरफड मात्र तेथे चालत नसे. पावसाचे पाणी मुळाशी साचले की ती कुजते. म्हणून तिला गडग्यावर, पागोळ्या चुकवून, उंचावर ठेवीत. गुळवेल आंब्यावर चढवलेली असे. परड्याच्या कडेला एखादा कोकमाचा वृक्ष आणि जमल्यास तिरफळ. कोकमाच्या सालींची आमसुले होतात, रसाचे आगळ होते आणि बियांपासून निघणारे तेल थंडीत फुटलेल्या टाचांना लावतात. अंगावर पित्त उठले की आमसुलाचे पाणी चोळण्याचा परिपाठ आजही घरोघर आहे. तिरफळ हे औषध म्हणावे की मसाला, याचा निर्णय बांगड्याच्या कालवणाची चव घेतलेल्या माणसाकडून निःपक्षपातीपणे होणे कठीण!

या बागेची मालकी कागदोपत्री कोणाचीही असो, तिचा कारभार घरातील वडील बाईच्या हाती असे. अडुळशाची किती पाने, कोवळी की पिकलेली; मोठ्या माणसाला किती, लहान मुलाला किती; गरोदर सुनेला तो मुळीच द्यावयाचा नाही – ही सारी माहिती तिच्या हातात बसलेली असे. अडुळशाबाबतची ही काळजी निराधार नव्हती, हे आजचे वैद्यकही मान्य करते. अडुळशातील वासिसीन या द्रव्याचा गर्भाशयावर परिणाम होतो. याच द्रव्याच्या रचनेचा आधार घेऊन पुढे रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध तयार केले. आज औषधांच्या दुकानांतून मिळणाऱ्या खोकल्याच्या कित्येक बाटल्यांत ते असते, आणि ती बाटली आणावयास जाणारा माणूस पुष्कळदा अडुळशाच्याच वईजवळून जात असतो.

तथापि जुन्या काळी सारेच शहाणे होते, असे मानण्याचे कारण नाही. विषमज्वराला काढे देत बसल्याने आणि सर्पदंशावर मुळ्या उगाळीत बसल्याने किती जीव गेले, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. सर्पगंधेचेच पाहावे. सह्याद्रीच्या उतारांवर मिळणाऱ्या या वनस्पतीचे नावच सापाशी जोडलेले; तिची मुळी सापाचे विष उतरवते अशी समजूत देशभर होती. विष काही तिने उतरत नाही. परंतु मस्तक शांत करण्यासाठीही ती मुळी देत असत, आणि त्या वापरात तथ्य निघाले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटनमधील हृदयविषयक नियतकालिकात आपले अनुभव प्रसिद्ध करून दाखवून दिले की, सर्पगंधेने वाढलेला रक्तदाब खाली येतो. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले आणि काही वर्षे ते जगभर वापरले गेले. पुढे त्याने काही रोग्यांचे मन खिन्न होते असे आढळून आले, तेव्हा त्याचा वापर कमी झाला. एकाच मुळीविषयीच्या दोन समजुतींपैकी एक खोटी ठरली, एक खरी ठरली, आणि खरी ठरलेलीलाही मर्यादा निघाली. ही निवड परीक्षेवाचून झाली नसती. आणि मुळात ती मुळी कोणी ओळखून जपली नसती, तर परीक्षा कशाची केली असती?

परडे ओस पडण्याचे कारण लोकांना पाश्चात्त्य औषधांची आवड लागली, असे वारंवार सांगितले जाते. ते पुरते खरे नाही. परडे मुख्यतः पाण्यावाचून गेले. मालवण, देवगड, वेंगुर्ले या तालुक्यांतील पुष्कळ घरे आज गणपतीला आणि मे महिन्यात तेवढी उघडतात. एरवी घरची माणसे मुंबईला. न्हाणीत रोज आंघोळ करणारे कोणी नसेल तर पाट वाहणार कसा, आणि पाट वाहिला नाही तर चैत्रात हळद-अळवाचे गड्डे तग धरणार कसे? ज्या घरांत माणसे आहेत, तेथे न्हाणीचे पाणी बंद नळीतून शोषखड्ड्यात जाते. पर्यटक येऊ लागल्यापासून अनेक ठिकाणी परड्यात राहावयाच्या खोल्या उठल्या आणि उरलेल्या जमिनीवर सिमेंटच्या लाद्या बसल्या. पोटापाण्यासाठी कोणी खोली बांधली तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणाला नाही. पण लाद्यांच्या कडेने मांडलेल्या कुंड्यांत परगावच्या रोपवाटिकेतून आणलेली शोभेची झाडेच का असावीत, आणि पायरीजवळची पानओव्याची चुडी उपटून का टाकावी, याचे समाधानकारक उत्तर मात्र मिळत नाही.

दुसरीकडे, ‘औषधी उद्यान’ या नावाचा एक नवा उत्साह निर्माण झाला आहे. एका दिवसात पन्नास रोपे लावली जातात. प्रत्येकापाशी एक फळी, तिच्यावर लॅटिन नाव आणि खाली आठ-दहा रोगांची यादी. पहिला उन्हाळा सरला की रोपे नाहीशी होतात. फळ्या मात्र टिकतात. या उत्साहाचा खरा दोष रोपे मरण्यात नाही. दोष आहे तो त्या याद्यांत. एकच पाला मधुमेहापासून मूतखड्यापर्यंत सारे बरे करतो असे मुलाने रंगवलेल्या अक्षरांत वाचले, तर तो एक तर सगळ्यावरच विश्वास ठेवील किंवा कशावरच ठेवणार नाही. परड्याला या दोन्ही प्रकारच्या माणसांचा उपयोग नाही.

अशा भाबडेपणाची किंमत अलीकडेच दिसून आली. २०२० साली करोनाची साथ आली असता गुळवेलीच्या काढ्याची लाट देशभर पसरली. वेल दिसेल तेथून तोडावी, उकळावी आणि दिवसचे दिवस प्यावी, असे चालले. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली ६ रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली; गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झालेली आढळली होती. केंद्रीय आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली. रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती याची खात्री अभ्यासकांनी केलेली नाही, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात असू शकेल, असे मंत्रालयाचे म्हणणे. पुढे २०२२ साली देशातील निरनिराळ्या रुग्णालयांतील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि खरी गुळवेलही काही प्रकृतींना बाधू शकते, विशेषतः ज्यांना आधीच काही आजार आहे त्यांना, असे त्यात सुचवले गेले. तज्ज्ञांचा हा वाद तज्ज्ञांनी मिटवावा. परंतु त्यातून एक गोष्ट कोणाच्याही लक्षात यावी. देशातील थोर डॉक्टर आणि सरकारचे मंत्रालय यांच्यामधील वादाचा एक प्रमुख मुद्दा ‘ही वेल कोणती?’ एवढा साधा होता. गुळवेलीची ती भावंड जात पाहिली तर तिच्या खोडावर गाठींसारखे उंचवटे अधिक दाट दिसतात. पानांवरून मात्र दोघींत सहज फसगत होते. जिने वर्षानुवर्षे आपल्याच आंब्यावर गुळवेल वाढवली, तिला तिचे खोड हाताने कळते. रस्त्याकडेची वेल ओरबाडणाऱ्याला ते कळावयाचे नाही.

नावांचा घोटाळाही थोडा नाही. कोकणात गोल पानांच्या कारिवण्याला पुष्कळ लोक ब्राह्मी म्हणतात. आयुर्वेदाचे बहुसंख्य अभ्यासक बारीक, मांसल पानांच्या निराळ्याच पाणथळ वनस्पतीला ब्राह्मी मानतात. दोघींचे कुळ वेगळे, फूल वेगळे. कण्हेर, धोतरा आणि गुंज ही तर गावोगावच्या वईवर आणि वाटेकडेला आढळणारी झाडे. तिघांच्याही पोटात प्राणघातक विष आहे. ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ असे म्हणणाऱ्या माणसाने पिवळ्या कण्हेरीकडे एकदा बोट दाखवून पाहावे, म्हणजे गावातील कोणतीही आजी त्याचा समज दूर करील.

परंतु आजीचे सांगणे आजीबरोबरच गेले तर काय होते, याचा धडा हळदीने दिला आहे. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे एकस्व, म्हणजे पेटंट, अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मार्च १९९५ मध्ये तेथील सरकारने दिले. भारतातील प्रत्येक स्वयंपाकघराला हे ऐकून हसू आले असते. पण कायद्याला हसू येत नाही. त्या वेळच्या अमेरिकी कायद्याप्रमाणे परदेशात एखादी गोष्ट नुसती वापरात असणे पुरेसे नव्हते. ती कोठे तरी लिहिलेली, छापलेली दाखवावी लागे. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने या एकस्वाला आव्हान दिले. परिषदेचे तेव्हाचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर हे मूळचे गोव्यातील माशेल गावचे. हळदीचे पाट त्यांना परके नसावेत. जुने संस्कृत ग्रंथ धुंडाळण्यात आले, १९५३ साली भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आलेला लेख काढण्यात आला, असे ३२ संदर्भ पुढे ठेवण्यात आले. आणि ऑगस्ट १९९७ मध्ये ते एकस्व रद्द झाले. या अनुभवानंतर २००१ साली पारंपरिक ज्ञानाचे संगणकीय ग्रंथालय उभारण्यास आरंभ झाला. हळद वाचली ती लिहिलेली होती म्हणून. परड्यातील जी झाडे कोणत्याच ग्रंथात नाहीत, ज्यांचा उपयोग एखाद्या वाडीतील दोन-चार घरांनाच ठाऊक आहे, त्यांच्या बाजूने साक्ष कोण देणार?

अशी साक्ष या किनाऱ्याच्या लोकांनी पूर्वी दिलेली आहे. कोचीचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान रीड याने सतराव्या शतकात मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा प्रचंड ग्रंथ सिद्ध करविला. १६७८ ते १६९३ या काळात आम्सटरडॅमला त्याचे १२ खंड छापले गेले. त्याला माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युतन हा मलयाळी वैद्य होता, तसेच रंगा भट, विनायक पंडित आणि आप्पू भट हे तिघे कोंकणीभाषक विद्वानही होते. त्या तिघांचे कोंकणी भाषेतील, नागरी अक्षरांतील प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. युरोपातील पंडितांसाठी लॅटिनमध्ये लिहिलेल्या ग्रंथात ज्यांच्याकडून झाडे ओळखून घेतली त्यांची नावे अशी आदराने नोंदवली गेली, ही गोष्ट हळदीच्या एकस्वाशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे.

एवढे मोठे ग्रंथ आता प्रत्येकाने लिहावयाचे नाहीत. पन्नास रोपांची उद्याने करण्याचीही जरुरी नाही. पाच झाडे पुरेत. पण ती पाचही घरातील मुलाला अंधारात, वासावरून ओळखता आली पाहिजेत. तुळस तर दारी असतेच. तिच्या जोडीला पानओवा, गवती चहा, हळद आणि अडुळसा. यांतील एकही झाड दुर्मिळ नाही, एकालाही पैसे पडत नाहीत; शेजारच्या परड्यातून मागून आणता येते. पानओवा आणि अडुळसा फांदीपासून, गवती चहा ठोंब फोडून, हळद गड्ड्यापासून. पहिले दोन पाऊस पडून माती थंड झाली की लावावीत. न्हाणीच्या नळीला मधेच वळण देऊन पाणी आळ्यात सोडता आले तर उत्तमच. साबणाचा फेस फार असेल तर ते थेट कोवळ्या झाडांना न देता आधी केळीकडे न्यावे, केळ ते सोसते. जोडीला एक वही असावी. झाडाचे घरातील नाव, शेजारच्या वाडीतील नाव, फूल केव्हा आले, कोणी कशासाठी मागून नेले, कोणाला देऊ नये असे आजीने सांगितले, हे तिच्यात लिहावे. ताप चढला, श्वास लागला, साप चावला, तर वही मिटून तडक दवाखाना गाठावयाचा, हे तिच्या पहिल्याच पानावर असावे.

राहता राहिली ती कुलूप लागलेली घरे. त्यांच्या परड्यांना बारमाही पाणी कोणी घालू शकणार नाही, हे उघड आहे. पण अनंत चतुर्दशी उलटून मुंबईचा चाकरमानी परतीच्या गाडीला निघतो तेव्हा त्याच्या पिशवीत नारळ असतात, आमसुले असतात, कुळथाचे पीठ असते. पानओव्याची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच पिशवीत घातली तर प्रवासात ती सुकत नाही, आणि चाळीच्या गॅलरीतील डब्यातही थोड्याच दिवसांत मूळ धरते. फांदी तोडून देणारे हात आज गावात आहेत. तिची किती पाने घ्यावयाची आणि कोणाला द्यावयाची नाहीत, हे पिशवी बांधता बांधता सांगणारी माणसेही काही घरांतून अजून आहेत; त्यांतील बहुतेकांनी सत्तरी ओलांडली आहे.